मुलींची फी माफ, पण नेमकी कुठली?

'मुलींना इंजिनिअरिंग फुकट' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. महाराष्ट्र सरकारच्या 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना 50 ऐवजी 100 टक्के सवलत मिळते, तीही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात. वसतिगृह, मेसचा खर्च घरातूनच. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून. मॅनेजमेंट कोट्यात घेतला की विषय संपला.

सवलतीचे पैसे अडकतात ते बहुतेकदा बँकेत. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (कुठल्या बँकेला आधार जोडलंय याची नोंद ठेवणारी संस्था) तेच खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं. मधे दुसऱ्या बँकेत आधार जोडलं असेल, तर रक्कम तिकडे जाते. महाडीबीटीवर (या सवलतीच्या अर्जाचं सरकारी पोर्टल) अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बँकेचं नाव बघा.