शब्दचर्चा : विनाअनुदानित

जळगावकर : 'विनाअनुदानित' व्याकरणात बसतो का? 'विना'पुढे नाम येतं : विनातक्रार, विनातारण. 'अनुदानित' तर विशेषण. मग 'अननुदानित' नको का?

पांझराकाठ : नियमाने तुमचं बरोबर. शासनाच्या कागदात 'विनाअनुदान तत्त्वावर' असंही असतं, ते निर्दोष. पण 'अननुदानित' म्हणताना जीभ अडखळते. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि शब्द घरोघरी गेला. बघा ना, कॉलेज चालतं पोरांच्या फीवर, पण नावात फी कुठेच नाही. सरकार काय देत नाही, तेवढंच सांगितलंय!

अमळनेरी : आमच्याकडे हा शब्द तोंडात कोण घेतं? 'ग्रँट' नाहीतर 'नॉनग्रँट'. सोयरीक जमवतानाही आधी हेच, "सर ग्रँटवर शेतस का?" (आहेत का?). आधी संस्थेला लागलेला शब्द मग तुकडीला लागला, शेवटी माणसाला. एकाच व्हरांड्यात बी.ए.चा वर्ग ग्रँटचा, शेजारचा बीसीएचा नॉनग्रँट. फीच्या पावत्या शेजारी ठेवा, फरक कळेल.

पांझराकाठ : 'कायम विनाअनुदानित', म्हणजे कधीच अनुदान न मिळणारी, राहिलंच की. शाळांपुरता तो 'कायम' शासनाने 2009 मध्ये वगळला. तीन अक्षरं पुसायला शिक्षकांना रस्त्यावर यावं लागलं.

नंदुरबारहून : आणि सीएचबी (क्लॉक अवर बेसिस)? 'तासिका तत्त्वावर' म्हणतात ते, तासागणिक पैसे मिळणारे प्राध्यापक. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. त्यामुळे आपल्या उमवित (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) अधिसभेची, म्हणजे सिनेटची निवडणूक लागली की सीएचबीवाल्याला शिक्षक गटात मत नाही. पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल, तर पदवीधरांच्या 10 जागांसाठी मत आहे. रोज वर्गावर जाणारा माणूस, पण मत देणार जुना विद्यार्थी म्हणून. व्याकरण सोडा, आधी ह्या 'शिक्षक'चा अर्थ लावा.

जळगावकर : पटलं. मग 'स्वयंअर्थसहाय्यित'?

अमळनेरी : तो जास्त चलाख. ऐकून वाटतं संस्था स्वतःच्या खिशातून चालवते. पैसे आमच्या कापसाचे, भाऊ.

पांझराकाठ : मूळ प्रश्नाचं उत्तर : 'विनाअनुदानित' रूढ झालाय, तोच लिहा. एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका.