दाखल होतानाचा सीआरपी पुढचं सांगतो का?

प्रश्न
न्यूमोनियाच्या रुग्णांत कोणाची प्रकृती बिघडेल, याचा अंदाज यावा म्हणून पहिल्या दिवसाचा सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आणि एनएलआर (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर) नोंदवतो आहोत. पण सीआरपी 180 असलेले चौथ्या दिवशी चालत घरी जातात आणि 40 वाले आयसीयूत पोचतात. कटऑफ (धोका धरण्याची सीमा) बदलावा, की मार्करच (रक्तातला हा सूचकच) सोडून द्यावा?

प्रतिसाद 1
दोन्ही नको. आधी आजार सुरू झाल्याची वेळ लिहायला लागा. आयएल-6चा (इंटरल्यूकिन-6, दाहाचा संदेश देणारं प्रथिन) इशारा मिळाला की यकृत सीआरपी तयार करतं. रक्तात तो साधारण 6 तासांनी चढू लागतो आणि शिखर गाठायला 48 तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे आठव्या तासाचा 40 आणि तिसऱ्या दिवसाचा 40 यांची तुलनाच होत नाही. आठव्या तासाच्या आकड्यापुढे अजून चढण आहे.

याचं अर्धायुष्य सुमारे 19 तास, आणि आजार कोणताही असो, ते जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे पातळी ठरते ती फक्त उत्पादनावर. दाह थांबला की आकडा रोज निम्म्याच्या जवळ यायला हवा. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी नमुना घ्या. चौथ्या दिवशीही पहिल्याच्या निम्म्यावर आला नसेल तर गुंतागुंतीचा धोका जास्त धरायचा: फुप्फुसाभोवती पू, चुकीचं अँटिबायोटिक, की मूळ निदानच वेगळं, हे त्याच दिवशी शोधा.

प्रतिसाद 2
40 वाल्यांच्या फाइली पुन्हा उघडा. सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणं) आहे का? यकृतच थकलेलं असेल तर गंभीर संसर्गातही सीआरपी हवा तेवढा चढत नाही. टोसिलिझुमॅब (आयएल-6 रोखणारं औषध) दिलेलं असेल तर आयएल-6चा मार्गच बंद असतो. तिथे कमी सीआरपी पाहून निर्धास्त होणं धोक्याचं.

आणि एकक! एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देते, दुसरी प्रति डेसिलिटर. दहापट फरक. एका तक्त्यात दोन्ही मिसळले असतील तर कोणताही कटऑफ लावा, उपयोग नाही.

प्रश्नकर्ता
एकक एकच आहे, सिरॉसिसचं तपासतो. काहींना प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू होतं. एनएलआर धरावा का?

प्रतिसाद 2
त्यांचा वेगळा गट करा. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, लिम्फोसाइट घटतात. संसर्ग नसतानाही गुणोत्तर फुगतं. एनएलआर घ्यायचा तर पहिल्या डोसच्या आधीच्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून).

प्रतिसाद 3
ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) या कामासाठी घेऊ नका. तो मुख्यतः फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनावर चालतो, उतरायला आठवडे लागतात, आणि ॲनिमियात उगाच वाढतो. अँटिबायोटिक कधी थांबवावं हा प्रश्न असेल तर प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणू संसर्गात वाढणारा रक्तातला सूचक): शिखरापासून 80 टक्के घट किंवा 0.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली, आणि रुग्ण स्थिर. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत मात्र ते मुळातच चढलेलं असतं, तिथे घसरणच पाहा.