जाहिरातीतल्या भाड्यावर विसंबू नका, सूची दोन काढा

कोथरूडकर: कुणीतरी सल्ला दिलाय, 'पोर्टलवरच्या पाच जाहिरातींची सरासरी काढा, तेच तुमच्या फ्लॅटचं भाडं.' साफ चूक! जाहिरातीत मालकाची अपेक्षा असते, ठरलेलं भाडं नव्हे. वर एकच फ्लॅट तीन एजंट तीन भावांनी टाकतात. ठरलेलं भाडं बघायचं तर सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) काढा. त्यासाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर (दस्त शोधायच्या ऑनलाइन सोयीवर) वर्ष, जिल्हा, गाव, मिळकत क्रमांक टाका. सर्व्हे नंबरने नाही सापडलं तर सिटी सर्व्हे नंबरने बघा. भाडेकरार बहुतेक ऑनलाइन होतात, म्हणून ई-नोंदणीतले दस्तही तपासा. सूची दोनमध्ये भाडं, डिपॉझिट, क्षेत्रफळ, तारीख असते.

मधुरा: आणि फर्निचर? पार्किंग? ते सूचीत कळत नाही. शिवाय करारात भाडं कमी दाखवून उरलेलं रोख घेतात, त्याचं काय?

कोथरूडकर: करारावरचं मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का. २५ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिने, तर जेमतेम सातशेच्या आसपास. तेवढ्यासाठी कोण आकडा लपवेल?

मधुरा: मुद्रांकासाठी नाही हो, प्राप्तिकरासाठी लपवतात!

कोथरूडकर: बरं, तेवढं मान्य. एका दस्तावर जाऊ नका, त्याच इमारतीतले चार-पाच बघा.

सदाशिव: भाड्याचं राहू द्या, हातात किती उरतं ते बघा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ती जादा रक्कम) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. सोसायटीच्या कमिट्या सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी), दुरुस्ती निधी, पाणीपट्टी धरून अख्ख्या बिलावर १० टक्के लावतात. बिल ४,००० आणि त्यात सेवा शुल्क १,८०० असेल तर १८० द्यायचे, ४०० नव्हे. ही उघड लूट आहे.

सेक्रेटरी_बाणेर: लूट म्हणताना जीभ आवरा. मालक परगावी, करारप्रत देत नाहीत, भाडेकरूची पोलीस पडताळणी करत नाहीत. गळती झाली की फोन कुणाला करायचा?

सदाशिव: करारप्रत जरूर मागा. पण म्हणून जादा आकारणी कायदेशीर ठरत नाही. सहकार कायद्याखाली सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःचं खातं बघायचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, बिलाची शीर्षवार फोड मागा.

सेक्रेटरी_बाणेर: फोड द्यायला हवी, ठीक आहे. 'लूट' मात्र मागे घ्या.

सदाशिव: आकारणी दुरुस्त झाली की घेतो.

मधुरा: पुण्यातल्या मालकांनी मालमत्ता कराचं बिलही काढून बघा. ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच आहे. भाड्याने दिल्यावर ती जाते, ती रक्कम धरूनच भाडं ठरवा.