शिकागो, नोबल स्ट्रीट: 1900 चा पत्ता आजच्या नकाशात भलतीकडेच जातोय

शोधकर्ता: बायकोचे पोलिश पणजोबा 1900 च्या जनगणनेत नोबल स्ट्रीटवर राहताना दिसतात. घरनंबर स्वच्छ वाचता येतो, पण आजच्या नकाशात टाकला की जुळत नाही. 1910 मध्ये नावाने शोधून सापडत नाहीत. मूळ गावापर्यंत पोचायचंय.

जुने_नकाशे: 1 सप्टेंबर 1909 ला शहरातले घरनंबर बदलले (लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात, 1911 ला). स्टेट आणि मॅडिसनच्या चौकापासून मोजणी, साधारण मैलाला 800. त्यामुळे डिव्हिजन स्ट्रीटजवळ नोबलवर आज 1200 च्या आसपासचे नंबर येतात. जुन्यावरून नवा काढायला हिशेब मांडत बसू नका, चुकतोच. 1909 ची जुने-नवे नंबर शेजारीशेजारी दिलेली छापील यादी स्कॅन स्वरूपात मिळते, तीच बघा.

मग सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे उघडा. इंचाला 50 फूट, गुलाबी म्हणजे विटांचं घर, पिवळं म्हणजे लाकडी. नकाशाचं साल जरूर तपासा. 1909 आधीच्या शीटवर जुनेच नंबर असतात. या भागात एकाच प्लॉटवर मागच्या बोळाला लागून दुसरं घर सर्रास असायचं. डिरेक्टरीत (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील यादीत) पत्त्यापुढे ‘रिअर’ दिसलं तर ते मागचं घर.

पानोपान: 1910 ला नावाचा नाद सोडा. लिहून घेणाऱ्याने कानावर पडेल तसं आडनाव लिहिलंय, शिवाय वोइचेख या पोलिश नावाचा अल्बर्ट झालेला असतो. नवा नंबर घेऊन स्टीव्ह मोर्स यांच्या वन-स्टेप साइटवरून गणना-विभाग (जनगणनेसाठी शहराचा पाडलेला भाग) काढा आणि त्याची पानं एकेक चाळा. रस्त्याचं नाव डाव्या समासात उभं लिहिलेलं असतं. गणना एप्रिल 1910 ची, म्हणून नंबर नवाच धरायचा. अर्थात तोवर घर बदललं असेल तर त्या सालची डिरेक्टरी आधी. जन्मदेश रशिया, जर्मनी किंवा ऑस्ट्रिया दिसला म्हणून माणूस वगळू नका. पोलंड तेव्हा तिघांत वाटलेला होता.

शोधकर्ता: आणि गाव?

जुने_नकाशे: जनगणनेत मिळणार नाही. पत्त्यावरून चर्च शोधा, पण जवळचं तेच त्यांचं असं धरू नका. नोबलवरच डिव्हिजनच्या उत्तरेला सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका आणि दक्षिणेला होली ट्रिनिटी. दोन्ही पोलिशच, पण त्यांच्यात जुनं वैर. दोन्हींच्या नोंदवह्या बघा, विशेषतः लग्नाच्या; तिथे गाव लिहिलेलं सापडू शकतं. नागरिकत्वाचा अर्ज 27 सप्टेंबर 1906 नंतरचा असेल तर जन्मगाव आणि पत्ता दोन्ही मिळतात. त्याआधीच्या कागदांत बहुतेकदा फक्त देश. गावाचं नाव मिळालं तरी त्याच नावाची अनेक गावं असतात, तालुका कळेपर्यंत थांबा.