विषय: सॅन वॉन बोट सहल – आठ माणसं, चार दिवस, सामान काय घ्यायचं?

प्रेषक: मीनल (बॉथेल)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या सॅन वॉन बेटांच्या (वॉशिंग्टन राज्य, अमेरिका) बोट सहलीचं पक्कं झालं. अॅनाकॉर्टिसहून ३८ फुटी शिडाची बोट घेतली आहे, गुरुवारी सकाळी निघून रविवारी दुपारी परत. सहा मोठे आणि दोन मुलं, वय ९ आणि १२. बोटीच्या कागदांवर असं लिहिलंय: गोडं पाणी ७० गॅलन, होल्डिंग टँक (संडासाची घाण साठवायची टाकी) ३० गॅलन, दोन शेगड्यांचा प्रोपेन स्टोव्ह, वरून उघडणारा १२ व्होल्टचा फ्रिज, ३०० अँपियर-अवर बॅटऱ्या.

मुक्काम: सुशिया बेट, मग स्टुअर्ट बेट, मग फ्रायडे हार्बर.

बेत असा: पहिल्या दिवशी पुरी-भाजी, दुसऱ्या दिवशी पोळ्या, उसळ, भात, तिसऱ्या दिवशी कोंबडीचा रस्सा आणि रोज सकाळी पोहे किंवा उपमा. मिक्सर, दोन मोठे कूलर, ओल्या वाइप्सची चार पाकिटं आणि पिण्याच्या बाटल्यांचे सहा क्रेट घेतेय. काय कमी पडेल, काय उगाच होईल?

मीनल

प्रेषक: शिरीष (अॅनाकॉर्टिस)

मीनल,

खायला कमी पडणार नाही. आपली माणसं निघाली की चौपट शिधा बरोबर असतोच. बोटीवर आधी संपतं ते पाणी, आधी भरतो तो होल्डिंग टँक आणि आधी उतरते ती बॅटरी. म्हणून बेत या तिन्हींवरून ठरवायचा. भाजी कोणती हे त्यानंतर.

सगळ्यात आधी टँक. हातपंपाच्या संडासात एका वेळी साधारण अर्धा गॅलन समुद्राचं पाणी ओढलं जातं. आठ माणसं, दिवसाला पाच वेळा, म्हणजे २० गॅलन. तुझा ३० गॅलनचा टँक दीड दिवसात काठोकाठ भरेल. आणि तुझ्या आखणीत फ्रायडे हार्बर येतंय तिसऱ्या दिवशी. मधेच सोडून देऊ असं म्हणता येत नाही. १० मे २०१८ पासून अख्खा प्युजेट साउंड (हा इथला समुद्रभाग), सॅन वॉन बेटांसकट, मैला सोडायला बंद आहे. घाण टँकमध्ये जाणार की समुद्रात हे ठरवणारा वाय-व्हॉल्व्ह टँककडे वळवून कुलूपबंद किंवा झिप-टायने बांधलेला असला पाहिजे. निघण्याआधी तो डोळ्यांनी बघून घे.

टँक भरल्यावरही कोणी पंप मारत राहिलं तर दाब हवेच्या नळीत चढतो, घाण त्या नळीत शिरते आणि नळी तुंबते. मग पंप-आउटच्या (बंदरात टँक उपसून घेण्याच्या) वेळी टँकमध्ये हवा जायला वाट राहत नाही आणि टँक रिकामा होत नाही. त्याआधी एखादा जोड सुटला तर अख्ख्या केबिनचा प्रश्न होतो.

यावर उपाय म्हणजे मुक्काम बदल. गुरुवारी सुशिया, शुक्रवारी फ्रायडे हार्बर, शनिवारी लोपेझचं स्पेन्सर स्पिट, रविवारी थॅचर पासमधून अॅनाकॉर्टिस. फ्रायडे हार्बर असं मधोमध आलं की पंप-आउट, गोडं पाणी, शॉवर आणि स्प्रिंग स्ट्रीटवरचं किराणा दुकान, सगळं एका थांब्यात उरकतं. स्टुअर्ट सुंदर आहे, पण त्यासाठी पाच दिवस हवेत. सुशिया आणि स्पेन्सर स्पिटला किनाऱ्यावर शौचालयं आहेत, डिंगीने (बोटीबरोबरच्या छोट्या होडीने) जाऊन तीच वापरा.

वाइप्स चारही पाकिटं घरी ठेव. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या नळीत रबराची चोच असते, जोकर व्हॉल्व्ह म्हणतात, तिथे एक वाइप अडकला की संडास बंद. कागदही कमीत कमी. इथे आपली धुण्याची सवय उपयोगी पडते. तोटीची पिळायची बाटली मिळते, साधारण ४०० मिली, तेवढ्या पाण्यात काम होतं आणि टँकमध्ये कागदाचा लगदा साचत नाही. दोन बाटल्या घे.

आता पाणी. पिणं-चहा माणशी ३ लिटर, म्हणजे २४. स्वयंपाक १०, भांडी १५, हात-तोंड माणशी ४, म्हणजे ३२. झाले दिवसाला ८१ लिटर, २१ गॅलन. ७० गॅलन तीन दिवस पुरतात, पण आंघोळ धरली नाही तरच, आणि नळ सोडून भांडी विसळली नाहीत तरच. दाबाच्या नळातून मिनिटाला दीड-दोन गॅलन सहज जातात. मुलांना पहिल्याच दिवशी दाखव: नळ उघडा, ओलं करा, बंद करा, साबण लावा, पुन्हा उघडा. मरीन पार्कातल्या, म्हणजे बेटांवरच्या सरकारी उद्यानांतल्या, नळांवर भिस्त ठेवू नकोस. सहा क्रेट मात्र नकोत. रिकाम्या बाटल्या चार दिवस सांभाळत बसशील, कारण बेटांवरच्या मरीन पार्कांत कचराकुंडी नाही, आपला कचरा आपणच परत न्यायचा. ५ गॅलनचे दोन कॅन पिण्यासाठी वेगळे घे. मुख्य टाकीचा पंप बिघडला तर तेवढ्यावर निभावेल.

बॅटरी: साध्या शिशाच्या बॅटऱ्या असतील तर ३०० मधले निम्मेच वापरायचे, १५०. फ्रिज दिवसाला ६० खातो, दिवे, पंप, उपकरणं आणि आठ फोन मिळून ४० धर. म्हणजे इंजिन रोज दोन-तीन तास चाललं पाहिजे. या प्रवासात तेवढं चालतंच. पण ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावलास की बॅटरीतून ६५-७० अँपियर ओढतो. तो आणू नकोस. वाटणाचं वसुधाकाकू सांगतील.

लाइफ जॅकेट: बोट चालू असताना १३ वर्षांखालच्यांनी डेकवर ते घातलेलं हवं. तुझी दोन्ही मुलं त्यात बसतात. बोटीवर मोठ्यांच्या मापाची असतात. मुलांची वजनाप्रमाणे घरूनच आणा आणि घालून, खांद्याला धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. इथलं पाणी ऑगस्टमध्येही १०-१२ अंशांच्या आसपास असतं, हे सगळ्यांना सांग.

शिरीष

प्रेषक: वसुधाकाकू (रेडमंड)

मीनल, बाळा,

शिरीषने पाण्याचं सांगितलं, मी त्याच हिशोबाने स्वयंपाकाचं सांगते.

पुऱ्या काढून टाक. हलत्या बोटीत कढईभर गरम तेल ठेवायचं नाही, बोट नांगरून उभी असली तरी नाही. शेजारून एखादी मोठी बोट गेली की तिची लाट येतेच. पोळ्याही तिथे लाटू नकोस. तव्याच्या धुराने धोक्याची घंटी वाजते, पीठ फटीफटीत जातं आणि परात धुवायला चार लिटर पाणी. गुरुवार-शुक्रवारसाठी घरूनच दशम्या आणि मेथीचे ठेपले कर. माणशी चार धरून ३२ दशम्या आणि तेवढेच ठेपले. पूर्ण गार झाल्यावरच बांध. कोमट बांधले की आत पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी तार येते. शनिवार-रविवारसाठी टॉर्टिया विकत घे, लाज वाटून घेऊ नकोस.

बोटीवर खरं भांडं म्हणजे कुकर. झाकण बंद असल्यामुळे सांडत नाही, गॅस वाचतो आणि पाणी उडून जात नाही. आठ जणांच्या मुगाच्या खिचडीला ३ कप तांदूळ, दीड कप डाळ, ९ कप पाणी लागतं. डाळ फेसाळते म्हणून कुकर अर्ध्याहून जास्त भरायचा नाही, त्यासाठी साडेसहा लिटरचा हवा. शेगडीवर भांडं धरून ठेवणारे चिमटे असतात, ते कुकरच्या बुडाला घट्ट बसतात का ते बोट ताब्यात घेतानाच बघ. तांदूळ-डाळ घरी धुऊन, पंख्याखाली पूर्ण वाळवून, मीठ, हळद, जिरं घालून एका जेवणाची एक पिशवी कर. तिथे धुवायचं पाणी वाचलं.

वाटण घरी. ओला नारळ नको, दुसऱ्या दिवशी आंबतो. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं खरपूस भाजून, कमी पाण्यात वाटून, झिपच्या पिशवीत चपटं पसरवून गोठव. कोंबडीही मसाला लावून तशीच चपटी गोठव. या पाट्याच तुझा बर्फ. फ्रिजमध्ये गार हवा तळाला बसते, म्हणून शनिवारची कोंबडी अगदी खाली, त्यावर शुक्रवारची उसळ, सगळ्यात वर दही, कोथिंबीर आणि मुलांचं. रोज लागणारं वर राहिलं की झाकण जास्त वेळ उघडं राहत नाही. मटकी मोड आणूनच ने, पण पाणी पूर्ण निथळून. दोन कूलरऐवजी एकच ने, फक्त पेयांसाठी, आणि त्यात बर्फाचा तुकडा नाही तर लादी घाल, ती बरीच जास्त टिकते.

पहिल्या दिवशी रोझारिओ सामुद्रधुनी ओलांडताना खाली उतरून कोणी काही करणार नाही. वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की तिथे बोट चांगलीच हलते. म्हणून धक्का सोडण्याआधी थर्मासमध्ये आल्याचा चहा, ठेपल्याच्या गुंडाळ्या, आलेपाक आणि कोरडे खारे बिस्किट हाताशी ठेव. तेलकट काही नको. ज्यांना बोट लागते त्यांनी मेक्लिझिनची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मुलांसाठी डॉक्टरांना विचार.

शेंगदाण्याची चटणी पाव किलो, मेतकूट, लिंबाचं लोणचं (तेलाचं सांडतं), भाजलेल्या पोह्यांचा चिवडा दोन किलो. समुद्राच्या हवेत भूक सारखी लागते, चिवडा कमी पडू देऊ नकोस.

ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. भाताची शितं आणि चहाचा चोथा सिंकमध्ये गेला की नळी तुंबते. तो कागद कचऱ्यात, पाण्यात नाही.

वसुधाकाकू

प्रेषक: मंदार (बेलिंगहॅम)

स्पेन्सर स्पिटला मुक्काम असेल तर खेकड्याचं सांगतो, कारण कोणीतरी जाळं घेऊन येणारच.

परवाना आणि नोंदीचं कार्ड आधी काढा. उन्हाळ्यातही सगळे वार खुले नसतात, मरीन एरिया ७ चे (मासेमारीच्या नियमांत या बेटांचा भाग) त्या आठवड्याचे नियम निघायच्या आदल्या दिवशी बघा. डंजनेस (इथला मोठा खेकडा) फक्त नर, कडक कवचाचा, पाठीवर किमान सव्वासहा इंच रुंद, माणशी दिवसाला पाच. पोटाखालचा पदर अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादी लगेच सोडायची. पकडला की लगेच कार्डावर नोंद.

आपल्याकडे पेंदे-नांग्या कुटून रस काढतात आणि आतलं पिवळंही रश्श्यात घालतात. इथे ते पिवळं घालू नका. शैवालाचं विष त्यातच साठतं आणि ते शिजवून जात नाही. खेकडा उघडून आतलं सगळं धुऊन टाका, मगच रसाला घ्या. ज्या पाण्यात अख्खा खेकडा उकडला तेही रश्श्याला वापरू नका.

मंदार

प्रेषक: मीनल (बॉथेल)

मुक्काम बदलले, पुऱ्या-मिक्सर-वाइप्स यादीतून गेले. दोन प्रश्न. गॅसची भीती वाटते, नेमकं काय करायचं? आणि सामान बोटीत कुठे लावायचं?

प्रेषक: शिरीष (अॅनाकॉर्टिस)

गॅस संपायची काळजी नको, गळतीची घ्यायची. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीने पेटतो. स्वयंपाक झाला की आधी ओट्याजवळचं सोलेनॉइडचं (सिलिंडरकडून येणारा गॅस तोडणारं) बटण बंद करायचं, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीची कळ बंद. उलट क्रमाने केलंत तर नळीत गॅस उरतो. शिजवताना वरची खिडकी उघडी, कुकरच्या वाफेसाठीही आणि हवेसाठीही. केबिन गरम करायला शेगडी पेटवायची नाही.

सामान मऊ पिशव्यांत आणा, कडक बॅगा ठेवायला जागाच नसते. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच मोडा, ओल धरतात. काचेच्या बरण्या नकोत. स्टीलचे डबे एकमेकांवर आपटून रात्रभर वाजतात, मधे पंचे घाला. जड ते खाली आणि मधे, दोन्ही बाजूंना सारखं. आणि एक गोष्ट हमखास चुकते: ऑटोपायलटचं होकायंत्र बहुतेक एखाद्या बाकाखालच्या कप्प्यात बसवलेलं असतं. तिथे काकूंचा बिडाचा तवा किंवा टिनचे डबे ठेवले तर बोट भलत्याच दिशेला वळते आणि कारण कोणाला कळत नाही. बोट ताब्यात देणाऱ्या माणसाला विचार, "फ्लक्सगेट (म्हणजे हेच होकायंत्र) कुठे आहे?" तो दाखवेल त्या कप्प्यात फक्त पांघरुणं.

कोणता कप्पा कशाचा ते चिकटपट्टीवर मराठीत लिहून झाकणाच्या आतून लाव. सामान बुधवारी संध्याकाळीच चढवता आलं तर उत्तम. फ्रिज धक्क्याच्या विजेवर रात्रभर चालवून गार करून ठेव, गोठवलेल्या पाट्या गुरुवारी सकाळी सगळ्यात शेवटी आण.

शिरीष