सी प्रोग्रॅम मुद्दाम पाडायचाय: एक्झिट(१) की अबॉर्ट()?

लातूरकर
आडत बाजारातल्या तोलकाट्याचं वजन वाचणारा सी प्रोग्रॅम उबुंटूवर चालतो. तो पडला की राखण करणारा दुसरा प्रोग्रॅम त्याला परत उठवतो. हे खरंच होतं का ते तपासायचंय. एक्झिट(१) दिलं तर राखणदार ‘नीट बंद झाला’ असंच धरायलाय. नल पॉइंटरमध्ये लिहून पाडावा का? आणि कोअर फाइल (पडताना घेतलेली प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल) का बनंना?

परभणीकर
नल पॉइंटरच्या नादी लागू नका, दादा. त्यानं काय होईल हे सी च्या मानकात ठरलेलंच नाही. -ओ२ (कोड वेगवान करायचा पर्याय) लावलं तर कंपायलर ती ओळ उडवूनही टाकू शकतो. शून्यानं भागणंही बेभरवशाचं: इंटेलवर सिग्नल (कर्नलकडून प्रोग्रॅमला इशारा) येतो, ६४-बिट एआरएमवर गुपचूप शून्य उत्तर मिळतं.

अबॉर्ट() याच कामासाठी आहे. ते सिगअबॉर्ट सिग्नल उठवतं, लिनक्सवर क्रमांक ६. शेलमध्ये १३४ दिसेल, म्हणजे १२८ अधिक ६. राखणदारात वेटपीआयडी() (प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारं फंक्शन) नंतर बहुतेक फक्त डब्ल्यूआयएफएक्झिटेड (स्वतःहून संपला का) तपासलंय. ते एक्झिट(१) लाही खरंच येतं. एक्झिट कोड शून्य आहे का तेही बघा, आणि डब्ल्यूआयएफसिग्नल्ड (सिग्नलनं पडला का) वेगळं तपासा.

नांदेडकर
एक जपा. अबॉर्ट() मध्ये अ‍ॅटएक्झिट() नं नोंदवलेली फंक्शन्स चालत नाहीत, आणि जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२७ पासून बफरही (लिहायचा मजकूर तात्पुरता साठवायची जागा) रिकामे होत नाहीत. फाइलमध्ये लिहायचं शेवटचं वजन बफरमध्येच राहून जाईल. आधी एफफ्लश(), आणि डिस्कवर पोचल्याची खात्री हवी तर एफसिंक() सुद्धा.

सिगअबॉर्टला हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावून प्रोग्रॅम जिवंत ठेवायचा विचार असेल तर सोडा. हँडलर परतला तरी अबॉर्ट() प्रोग्रॅम संपवतंच. हँडलरमध्ये प्रिंटएफ() नको, राइट() चालतं.

परभणीकर
कोअरचं राहिलं. कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा बहुधा शून्य असते, म्हणून त्याच टर्मिनलात ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ द्या. सिस्टमडी सर्व्हिस असेल तर युनिट फाइलमध्ये ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’. तरी दिसेना तर /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न वाचा: सुरुवातीला उभी रेघ असली की कोअर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जातो, उबुंटूवर सहसा अ‍ॅपोर्टकडे. कंपाइल करताना -जी (डीबगची माहिती ठेवायचा पर्याय) लावा. मग जीडीबी या डीबगरात ‘बीटी’ (कोणत्या फंक्शननं कुणाला बोलावलं ती यादी) दिलं की वर रेझ आणि अबॉर्ट दिसतील. तुमची ओळ त्यांच्या खाली.

लातूरकर
राखणदारात डब्ल्यूआयएफएक्झिटेड एवढंच होतं. आता अबॉर्ट() ऐवजी असर्ट(०) चाललं का?

नांदेडकर
शेवटी तेही अबॉर्ट()च बोलावतं, वर फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक छापतं. पण रिलीज बिल्डमध्ये -डीएनडीबग असेल तर असर्ट पूर्ण गायब होतं आणि प्रोग्रॅम पडणारच नाही. चाचणीसाठी अबॉर्ट()च ठेवा.