आघात, सल की मुका मार?

ठाण्याची लेक:
मंडळी, एक अडलंय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी (ज्यू), मूळ अलिबागकडचे. माझ्या आजीची थोरली बहीण १९६१ला इस्राएलला गेली ती कायमचीच. तिची नात आता तिच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकून इंग्रजीत लिहून काढतेय आणि मी त्याचं मराठी करतेय, कारण इथे आजीला वाचून दाखवायचंय. त्यात 'इंटरजनरेशनल ट्रॉमा' जागोजागी येतं, म्हणजे एका पिढीने सोसलेलं पुढच्या पिढ्यांच्याही मनात उतरतं ते. मी 'आंतरपिढीय आघात' लिहिलं. आजीने मधेच थांबवलं, "आघात? ताईला अर्धांग झालं आणि मला कुणी सांगितलं नाही?" रडायलाच लागली. तेव्हा आघात बाद. दुसरं काय?

शब्दवेडा:
शब्द चुकीचा नाहीये हो, पक्षाघातामुळे लोकांच्या डोक्यात तेवढंच बसलंय. फक्त 'आंतरपिढीय' काढा, सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतं. 'पिढीजात आघात' करा.

सोलापूरकर:
ट्रॉमाच ठेवा की. हायवेवर ट्रॉमा सेंटरच्या पाट्या सगळे वाचतात.

शब्दवेडा:
वाचतात, पण तिथे ॲक्सिडेंटचे पेशंट नेतात. आजींना वाटेल ताईला गाडीने उडवलं.

रेवदंडा:
सल. शल्यवरून आलाय, आत रुतून राहिलेलं. आमच्याकडे काटा आत राहिला की त्याचं कुरूप होतं, वरून कातडी जाड आणि पाय टाकला की कळ. माझे वडील १९८२च्या गिरणी संपात घरी बसले, त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी चांगल्या नोकरीत आहे तरी महिना संपत आला की झोप लागत नाही मला, पगार वेळेवर होत असूनसुद्धा.

ठाण्याची लेक:
रेवदंडा, तुमचं वाचून गलबललं. पण सल ज्याचा त्याला ना? इथे तिघींचं आहे. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. इतक्या पिढ्या शनिवार पाळला आणि १९६२ला तिथल्या मुख्य धर्मगुरूंचा हुकूम निघाला, की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावायचं तर आईचं, आजीचं मूळ जमेल तितकं मागे जाऊन तपासा. मावशीआजीचं लग्न त्यातच अडकलं. खिडकीपलीकडच्या माणसाने पणजीचं नाव विचारलं आणि तिला ते आठवेना. पुढे लोकांनी धरणं धरली, १९६४ला तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदीच, लग्नही झालं, पण ती घरात कधी बोलली नाही. तिची लेक आजही लाइट बिलाचा कागद फेकत नाही. नातीला कुठल्याही सरकारी खिडकीसमोर घाम फुटतो आणि का फुटतो ते तिला मागच्या वर्षी कळलं, दोघी मलिदा करत होत्या, फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं आणि म्हातारी एकदम बोलायला लागली. म्हणून एवढी धडपड चाललीय माझी.

सिस्टर नागपूर:
मुका मार! तीस वर्षं वॉर्डात काढली मी. रक्त नाही, टाका नाही, आणि आत काळंनिळं. मुका म्हणजे न बोलणारा, तेही यात आलंच. आणि 'हीलिंग'ला 'बरं होणं' लिहू नका, 'मोकळं होणं' लिहा, म्हातारी बोलून मोकळी झाली असंच म्हणतो न आपण.

शब्दवेडा:
मोकळं होणं मान्य. मुका मार शरीराला बसतो, मनाला लावायचा म्हणजे शब्द ओढूनताणून आणल्यासारखा होतो. शिवाय तो पुढच्या पिढीला कसा लागणार?

सिस्टर नागपूर:
सलसुद्धा आधी पायातच होता की, मनात कोणी नेला? बोलणाऱ्यांनीच ना? आणि पुढच्या पिढीला कसा लागतो ते वर दोघांनी सांगितलंय, परत वाचा.

ठाण्याची लेक:
आत्ता आजीला वाचून दाखवलं. मुका मार ऐकून बराच वेळ गप्प होती, मग "हो, ताईला मुका मारच बसला" म्हणाली. पण 'पिढीजात' तिला पटत नाहीये. म्हणते पिढीजात घाणा असतो, मार कसा असेल? ते अजून अडलेलंच आहे.

सोलापूरकर:
पण मलिदा? आमच्याकडे मलिदा खाणं म्हणजे कंत्राटात पैसे खाणं.

ठाण्याची लेक:
आमच्यात तो प्रसाद आहे, पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या नावाने करतात, नवस फेडताना, नाहीतर घरात काही चांगलं घडलं की. पैसे खाण्याला तो शब्द ऐकला की मला खरंच वाईट वाटतं.

शब्दवेडा:
मूळ फारसी 'मालीदन', चोळणं, मळणं. म्हणजे पोळी कुस्करून गूळतूप घालतात तोच खरा मलिदा. पोह्यांना मलिदा म्हणणं नंतरचं असणार.

ठाण्याची लेक:
खरा आणि खोटा कसा ठरवणार? आमच्या घरात चार पिढ्या पोह्यांचाच होतोय. मूळ तपासायला इथेही सुरुवात नका करू, प्लीज.

शब्दवेडा:
माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं.

रेवदंडा:
लहानपणी शेजारच्या घरातून यायचा तोही पोह्यांचाच होता, वेलचीचा वास अजून आठवतो. ताई, पोहे भिजवून घेता की नुसते धुऊन?